मध कोणाचा?



गेल्या वर्षी पास्काच्या सणानंतरच्या एका रविवारी, मिस्सा संपल्यावर, आम्ही घरच्या मधाच्या काही बाटल्या चर्चच्या ओट्यावर मांडल्या होत्या. आपल्यापैकी अनेकांनी त्या नेल्या. एका मावशींनी बाटली उन्हात धरून पाहिली आणि सहज विचारले, ‘‘हा मध तुमचाच ना?’’ बाजारातून आणून भरलेला नाही ना, एवढेच त्यांना विचारायचे होते. आम्ही लगेच ‘हो’ म्हणालो.

घरी परतताना मात्र तो प्रश्न दुसऱ्याच अर्थाने मनात राहिला. हा मध खरोखर आमचा आहे का? पेटी आमची, परस आमचे, बाटलीही आम्ही विकत आणलेली. पण आतला मध? तो आम्ही बनवला नाही. आज या प्रश्नाचा आपण मिळून थोडा विचार करू या. मधमाश्या पाळणारे आपल्यात थोडेच असतील. पण दुसऱ्याच्या कष्टातून काही घेणारे आपण सगळेच आहोत.

तीन हजार एकर आणि चार गुंठे

लातूरच्या कडेला आमचे घर आहे. मागे चार गुंठ्यांचे परस. त्यात शेवगा, लिंबू, कडुलिंब आणि एक जुना आंबा. २०११ सालापासून तिथे मधपेट्या आहेत. कधी दोन, कधी पाच.

मधमाशी पेटीपासून दोन-तीन किलोमीटर सहज जाते. दोन किलोमीटरचाच वेढा धरला तरी ती जागा सुमारे साडेबारा चौरस किलोमीटर भरते, म्हणजे तीन हजार एकरांहून अधिक. त्यात आमचे चार गुंठे! बाकीची सगळी फुले दुसऱ्यांची. कोणाची तूर, कोणाची करडई, कोणाच्या बांधावरचे करंज, रस्त्याकडेचा कडुलिंब, कोणाचीच नसलेली बोर.

आणि कष्ट कोणाचे? ऐन हंगामात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. त्यातले पहिले तीन आठवडे ती पेटीतच राबते: खण साफ करणे, पिल्लांना भरवणे, मेणाचे पोळे बांधणे, दारावर पहारा देणे. उरलेले दिवस ती फुलांवर जाते. एक माशी तिच्या सगळ्या आयुष्यात चहाच्या चमच्याच्या बाराव्या भागाएवढा मध जमवते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या हिशेबाने अर्ध्या किलोच्या एका बाटलीत आठ-नऊशे माश्यांचे आयुष्य भरलेले असते.

फुले कुठे सापडली हे माशी परत येऊन इतरांना नाचून सांगते. सूर्याच्या संदर्भाने दिशा कोणती आणि अंतर किती, हे दोन्ही त्या नाचात असते. हे कोडे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने उलगडले आणि १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जे सापडले ते एकटीने न खाता घरी येऊन सांगायचे, ही त्या घराची रीतच आहे.

जाळणे आणि पाळणे

आपल्या भागात मध म्हटले की अजूनही आग्या मोहोळच डोळ्यांसमोर येते. वडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीला, पुलाखाली लटकलेले ते मोठे काळे पोळे. ते काढायची जुनी रीत आपल्याला ठाऊक आहे. रात्री टेंभा पेटवायचा, माश्या जाळायच्या, पोळे सबंध कापायचे आणि पिळायचे. पिळताना मधाबरोबर पिल्लेही पिळली जातात. एका रात्रीच्या मधासाठी सगळे घर संपते. वास्तविक आग्याच्या पोळ्यात मध वरच्या एका बाजूला असतो आणि पिल्ले त्याच्या खाली. तेवढाच मधाचा भाग कापला तर पोळे टिकते. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने अंगभर पोशाख घालून असा मध काढण्याच्या पद्धतीवर पुष्कळ काम केले आहे.

युरोपातही जुन्या काळी निराळे नव्हते. गवताच्या टोपलीत माश्या पाळत आणि मध काढताना बहुधा गंधकाचा धूर देऊन त्या मारून टाकत. १८५१ साली अमेरिकेतील लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या एक गोष्ट लक्षात आली. माश्या पोळ्यांमध्ये ये-जा करण्यापुरती ठरावीक फट मोकळी सोडतात. ती सात-आठ मिलिमीटरच्या आसपास असते. तेवढीच जागा सोडून लाकडी चौकटी टांगल्या तर माश्या त्या एकमेकींना चिकटवत नाहीत. मग चौकट उचलता येते, मध काढून परत ठेवता येते, आणि एकही पोळे मोडावे लागत नाही. आजची मधपेटी या एका निरीक्षणावर उभी आहे.

आपल्या देशातही या कामात एका धर्मगुरूंचा हात आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन यांनी आपल्या देशी माशीला पुरेल अशी लहान पेटी तयार केली आणि खेड्यातील लोकांना ती वापरायला शिकवले. ती ‘न्यूटन पेटी’ म्हणूनच ओळखली जाते. महाराष्ट्रात १९४६ पासून महाबळेश्वर हे या कामाचे केंद्र झाले, आणि १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. सह्याद्रीत सातेरी माशी पाळतात. आपल्या उष्ण, मैदानी भागात पेटीत बहुधा मेलिफेरा ही मूळची युरोपातली माशी असते. आमच्याकडेही तीच आहे.

पेटीने एक मोठी गोष्ट केली. घेणाऱ्याला न मारता घेता येऊ लागले. पण किती घ्यावे, हे पेटी सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि आमची चूक तिथेच झाली.

पहिला हंगाम

आमच्याकडे मधाचे वर्ष पावसाळा सरला की सुरू होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तूर फुलते आणि पेटीत हालचाल वाढते. मग धने, करडई, शेवगा, आंब्याचा मोहोर. फेब्रुवारीपर्यंत माश्यांची संख्या इतकी वाढते की खालचा पिल्लांचा कक्ष पुरत नाही. तेव्हा त्यावर मधकक्ष चढवायचा. दर आठवड्याला पेटी उघडून नव्या राणीची घरे तयार होत आहेत का हे बघायचे. कारण नवी राणी निघायच्या बेतात आली की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन उडून जाते. मार्च-एप्रिलात कडुलिंब फुलतो आणि चौकटी भरतात. खण मेणाने बंद झाले की मध पिकला असे समजायचे. कच्चा मध पातळ असतो, तो आंबतो.

२०१२ च्या एप्रिलमध्ये आम्ही पहिल्यांदा मध काढला. मधकक्षातला काढलाच, पण खाली पाहिले तर पिल्लांच्या कक्षातही कडेच्या चौकटी गच्च भरलेल्या. हात थांबेना. त्याही काढल्या. अकरा किलो मध निघाला. नातलगांत, शेजारात, चर्चमध्ये आमचे कौतुक झाले.

त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस फार कमी झाला. मे महिन्यात फुले संपली, जून कोरडा गेला, जुलैत नुसते ढग. आम्हाला वाटले, माश्या आहेत, आपले बघून घेतील. जुलैच्या शेवटी पेटी उघडली तेव्हा आत आवाज नव्हता. माश्या पोळ्याच्या रिकाम्या खणांत डोके खुपसून मेल्या होत्या. शेकड्यांनी. तळाशी उरलेला शेवटचा थेंब शोधत त्या तशाच गेल्या होत्या. पोळ्यावर मेणकिड्याची जाळी धरली होती.

उपासमारीने मेलेली वसाहत अशीच दिसते, हे आम्हाला नंतर एका अनुभवी मधपाळाने सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘पावसाळ्यासाठी त्यांना किती ठेवला होता?’’ आमच्याकडे उत्तर नव्हते. तो मध माश्यांनी पावसाळ्यासाठीच साठवला होता, आमच्या बाटल्यांसाठी नव्हे, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.

तेव्हापासून घरात एक नियम आहे. वरच्या मधकक्षातलेच घ्यायचे, तेही सगळे नाही. पिल्लांच्या कक्षाला हात लावायचा नाही. पावसाळ्यात जाण्याआधी प्रत्येक पेटीत मधाने भरलेल्या चार-पाच चौकटी राहिल्याच पाहिजेत. त्यामुळे आमच्या बाटल्या निम्म्यावर आल्या. लोक म्हणतात, ‘‘मध काढून घ्या आणि साखरेचा पाक द्या, तेवढ्यात भागते.’’ पाक आम्हीही देतो. पाऊस लांबला, पेटी हलकी लागली, तर एका भागाला एक भाग पाणी असा साखरेचा पाक संध्याकाळी आत ठेवतो. अडचणीत ते औषध आहे. पण मुद्दाम सगळा मध काढून त्याच्या जागी साखर ठेवणे हा सौदा आम्हाला सरळ वाटत नाही. साखरेने पोट भरते. फुलांतून येणारे बाकीचे काही तिच्यात नसते. आणि मधकक्ष चढवलेला असताना पाक दिला तर तोच पाक बाटलीत उतरतो. मग आपण माश्यांनाही फसवतो आणि घेणाऱ्यालाही.

‘‘माश्याच त्या!’’

इथे कोणी म्हणेल, ‘‘एवढे मनाला कशाला लावून घ्यायचे? माश्याच त्या! देवाने सृष्टी माणसाच्या हाती दिली आहे.’’ दुसऱ्या टोकाला असेही म्हणणारे आहेत की माशीला विचारून तर आपण घेत नाही, म्हणजे घेतलेला प्रत्येक थेंब चोरीचाच.

ही दोन्ही मते आम्ही आपापसांत पुष्कळदा घोळवली. दुसरे मत सरळ उडवून लावण्यासारखे नाही. माशी आपल्याला संमती देत नाही. ती डंखच मारते! पण त्या न्यायाने गाईचे दूध, शेळीचे दूध, कोंबडीचे अंडे, काहीच घेता येणार नाही. शेतकऱ्याचे घर असे चालत नाही, आणि शेतकऱ्याच्या घरात जनावराला जीवही कमी लावत नाहीत. आपल्या आयाबाया धार काढताना काय करत होत्या? एक सड वासरासाठी सोडत होत्या. घरात लेकरे असली तरी सोडत होत्या. ते कोणत्या कायद्यात लिहिलेले नव्हते. दूध घेण्याचा आपला हक्क वासराच्या भुकेपाशी थांबतो, हे त्यांना न सांगता कळत होते.

पहिल्या मताबद्दल म्हणायचे तर, उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बाग दिली ती मशागत करायला आणि राखायला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच गोष्टीची आठवण करून दिली. राखणदाराला बागेतले खायला मिळते, पण बाग संपवायची मुभा त्याला नसते. जुन्या करारातील शेतकऱ्याला तर कापणी करताना शेताची कड सोडून द्यावी लागे आणि पडलेला सरवा उचलता येत नसे. तो गरिबाचा आणि परक्याचा. शेत त्याचेच होते, तरी शेतातले सगळे त्याचे नव्हते. रूथ त्या सरव्यावरच जगली.

म्हणून आम्हाला असे वाटते की ‘घेणे बरोबर की चूक’ हा प्रश्न थोडा पुढे न्यावा. ज्याच्याकडून घेतो त्याचा पुढचा पावसाळा कसा जाईल, हे आपण पाहिले का? माशी बोलत नाही, तक्रार करत नाही, हिशेब मागत नाही. म्हणूनच तिच्याकडून घेताना आपली परीक्षा होते. जो मागू शकत नाही त्याचा वाटा कोण ठेवतो? घरकाम करणाऱ्या बाईला, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला, शेतावरच्या सालगड्याला त्याच्या मंदीच्या महिन्यांत आपण काय ठेवतो, हा प्रश्न यापासून फार दूर नाही.

काकांची तूर

माश्यांकडून घेतलेल्या मधाचा हिशेब आम्ही शिकलो, पण शेजाऱ्याचा हिशेब अजून बाकी होता.

आमच्या परसामागे एका काकांचे शेत आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात एका सकाळी पेट्यांसमोर माश्यांचा खच पडला. काही अजून गरगर फिरत होत्या, पाय झाडत होत्या. काय झाले ते लगेच कळले. रागाच्या भरातच आम्ही बांधावर गेलो.

‘‘काका, तुरीवर फवारलं का आज?’’

‘‘फवारलं की. अळी लागली, शेंगा धरू देईना.’’

‘‘पण ऐन फुलात? तेही सकाळी?’’

‘‘पंप भाड्याचा हाय. मिळाला तवा फवारलं. तुमच्या पेट्या हायत ते ठाऊक होतं; माशा माझ्या तुरीवर येतात हे कुणी सांगितलं मला?’’

आम्ही गप्प झालो. मग ते हसत नव्हते, चिडलेही नव्हते, सरळ विचारत होते: ‘‘आन् मध तरी कुठून आणतात त्या? माझ्याच तुरीतून न्हवं का?’’

बंधुभगिनींनो, त्या क्षणी आम्हाला आठवले की तीन वर्षांत या काकांना आम्ही मधाची एक बाटलीही दिली नव्हती. चर्चमध्ये वाटला, पुण्याच्या पाहुण्यांना पाठवला; ज्याच्या फुलांतून आला त्याच्या दारी गेला नाही. आणखी एक गोष्ट आठवली, ती याहून बोचणारी. गावाकडच्या आमच्या तीन एकरांत त्याच साली आम्हीही फुलातल्या पिकावर भर सकाळी फवारले होते. तिथे कोणाच्या माश्या मेल्या असतील, कोणते आग्या मोहोळ रिकामे झाले असेल, आम्ही विचारलेही नव्हते. आपल्या पेटीतल्या माश्या तेवढ्या माश्या, बाकीच्या कोणाच्या कोण!

काकांना अळीसमोर गप्प बसा असे आम्ही सांगू शकत नव्हतो. तुरीवर त्यांचे वर्ष अवलंबून असते. मग त्या वर्षीच्या मधाच्या पैशांतून पाठीवरचा एक पंप घेतला आणि तो काकांच्या कोठ्यात ठेवला. भाड्याच्या पंपाची वाट पाहायची गरज उरली नाही, त्यामुळे फवारणी संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर करता येऊ लागली. फवारायच्या आदल्या दिवशी ते निरोप देतात. आम्ही दारांना जाळी लावतो, वर ओले पोते टाकतो. शक्य तितके ते फुलोऱ्यात फवारणी टाळतात.

सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. एका वर्षी सतत ढगाळ हवा होती, अळी वाढली, आणि काकांना सकाळीच फवारावे लागले. त्यांनी निरोप दिला होता, पेट्या बंद होत्या, तरी थोड्या माश्या गेल्याच. पण त्या वेळी बांधावर भांडण झाले नाही. दर वर्षी पहिली बाटली आता काकांच्या घरी जाते.

हाताला गुंडाळलेले फडके

काकांचा प्रश्न खरा होता, पण हिशेबाला आणखी एक बाजू आहे. फूल माशीला मध देते, आणि माशी फुलाला फळ देते. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना लातूर-नांदेड भागातली सूर्यफुलाची शेते आठवत असतील. आता ती जागा बहुतेक सोयाबीनने घेतली आहे. सूर्यफुलाचे दाणे भरायचे तर एका फुलाचा पराग दुसऱ्यावर जावा लागतो, आणि ते काम मुख्यतः मधमाश्या करतात. म्हणून सूर्यफुलात हेक्टरी चार-पाच पेट्या ठेवायला कृषितज्ज्ञ सांगतात. माश्या कमी असतील तर दुसरा उपायही सांगतात: फुलोऱ्यात सकाळच्या वेळी हाताला मऊ फडके गुंडाळून एकेका फुलाच्या तबकावरून हळू हात फिरवायचा.

आम्ही ते काम करून पाहिले आहे. अर्ध्या तासात खांदे भरून येतात. माशी ते न सांगता, न मजुरी मागता करत असते. ती करते तोवर ते काम आहे हेच आपल्याला दिसत नाही. फडके गुंडाळायची वेळ आली की दिसते.

पाण्याची गाडी आणि मातीचे ताट

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. नळाला पाणी नव्हते. रात्ररात्र टँकरची वाट पाहत आपण घागरी मांडून बसलो होतो.

माश्यांना उन्हाळ्यात पाणी लागते. नुसते पिण्यासाठी नाही. त्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालून पेटी थंड ठेवतात. नाहीतर मेण मऊ पडते, पिल्ले मरतात. कडक उन्हात मोठ्या वसाहतीला दिवसाला लिटरभर पाणी लागू शकते. आमच्याकडे तेव्हा पाच पेट्या होत्या. मातीच्या ताटात खडे ठेवून, माश्या बुडू नयेत एवढेच पाणी आम्ही घालत होतो. शेजारच्या एका ताईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘माणसांना पाणी नाही आणि तुम्ही माशांना पाजता?’’

त्यांचे चुकले असे आम्हाला आजही म्हणवत नाही. त्यांच्या घरी म्हातारी सासू आणि दोन लहान लेकरे होती. माणूस आधी, यात आमच्या मनात शंका नाही. पण आम्ही ज्यांना पेटीत आणून बसवले, त्यांना ‘आता तुमचे तुम्ही बघा’ असे म्हणणेही बरे नव्हते. रानातली माशी पाण्याच्या शोधात घर बदलू शकते. आमच्या माश्या आमच्या भरवशावर होत्या.

शेवटी चार पेट्या नांदेड जिल्ह्यात, अर्धापूरकडे, आमच्या थोरल्या ताईंच्या मळ्यात नेल्या. तिथे विहिरीला थोडे का होईना पाणी होते. पेट्या रात्रीच हलवाव्या लागतात. दिवस मावळून शेवटची माशी आत येईपर्यंत थांबायचे, मगच दार लावायचे. घाई केली तर बाहेर गेलेल्या परत येतात आणि घर जागेवर नसते. त्या रात्री टेम्पोवाल्याची चुळबुळ चालली होती, तरी आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. एक पेटी घरी ठेवली. आमच्या घागरीतून जेवढीला पुरवू शकत होतो तेवढी एकच. ताटातले पाणी आमच्या वाट्यातून गेले, शेजाऱ्याच्या नाही, एवढे मात्र पाहिले.

त्या उन्हाळ्याने आम्हाला एक मर्यादा शिकवली. वाईट दिवसांत जेवढ्यांना सांभाळू शकतो, तेवढेच चांगल्या दिवसांत पाळावेत. आज आमच्याकडे दोन पेट्या आहेत.

मग मध कोणाचा?

पवित्र शनिवारी रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये पास्काची मेणबत्ती आत येते. त्या वेळी गायल्या जाणाऱ्या पास्का घोषणेत मधमाश्यांच्या कामाचा उल्लेख आहे, हे आपल्यापैकी काहींच्या लक्षात आले असेल. मेणबत्ती देवाला अर्पण करताना चर्च ती सगळी ‘आमची’ म्हणत नाही. ती कोणाच्या कष्टातून आली ते सांगून अर्पण करते. आम्हाला वाटते, मावशींच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. मध आमच्या हातून येतो, पण तो आमचा एकट्याचा नाही. त्यात माश्यांचा वाटा आहे, काकांच्या तुरीचा आहे, रस्त्याकडेला कोणीतरी लावलेल्या कडुलिंबाचा आहे. तो ज्यांचा आहे त्यांच्याशी सरळ वागलो, तरच तो आमचा म्हणायला तोंड राहते.

ही जबाबदारी एका घराने पेलण्यासारखी नाही. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. शासनाच्या या योजनेत पुढे आपल्या किनवट तालुक्यातील भंडारवाडीचेही नाव आले. गाव म्हणून ठरवले की फवारणी, झाडे, पाणी या गोष्टी एकट्याच्या राहत नाहीत. आपले धर्मग्रामही लहानसे गावच आहे.

तेव्हा थोडी विनंती. ज्यांची शेती आहे त्यांनी फुलोऱ्यात शक्यतो फवारू नये. फवारावेच लागले तर संध्याकाळी, आणि आसपास पेट्या असतील तर आदल्या दिवशी सांगून. ज्यांच्या घराला आग्या मोहोळ लागले आहे त्यांनी टेंभा लावण्याआधी जाणकाराला विचारावे. बहुतेक वेळा ऋतू बदलला की ते आपणहून उठून जाते. आणि मार्चपासून ज्यांना जमेल त्यांनी अंगणात खडे घातलेले पाण्याचे एक ताट ठेवावे.

या वर्षीचा मध पास्कानंतर निघेल. बाटल्या कमी असतील. का, ते आता आपल्याला ठाऊक आहे. कोणी विचारले, ‘‘हा मध तुमचाच ना?’’ तर आम्ही पुन्हा ‘हो’च म्हणू, कारण विचारणाऱ्याला शंका नको. पण त्याच्यासोबत कोणाकोणाची नावे घ्यायची, तेही सांगू.